बाटलीची बाहुली झाली, आतल्या शाम्पूचे काय?

शाळाशाळांतून दरवर्षी 'टाकाऊतून टिकाऊ' वस्तूंचे प्रदर्शन भरते. त्यात शाम्पूच्या बाटलीला मोठा मान असतो. कोणी तिची बाहुली करतो, कोणी पेन ठेवायचे भांडे करतो, कोणी ती कापून तिच्यात मनीप्लँट लावतो. पालक कौतुकाने पाहतात, परीक्षक गुण देतात. पण ही बाटली रिकामी कशी झाली, हे मात्र कोणी विचारत नाही. प्रदर्शन उद्यावर आले आणि बाटली अर्धी भरलेली असली, तर ती मोरीत उलटी करण्यावाचून दुसरा उपाय सुचत नाही. मग काय होते? जे कामाचे होते ते वाहून जाते आणि जे टाकायचे होते ते रंगवून टेबलावर मांडले जाते.

आजचा विषय या आतल्या मालाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण प्रत्येकाने आपल्या न्हाणीघरातल्या फळीकडे एकदा पाहावे. न मानवलेला शाम्पू, केस चिकट करतो म्हणून बाजूला ठेवलेले कंडिशनर, वासाने डोके दुखवणारे तेल, एका लग्नापुरता आणलेला स्प्रे, अर्धी उरलेली मेंदीची पुडी, हॉटेलातून आलेल्या छोट्या बाटल्या, अमेरिकेहून आलेल्या भाच्याने बॅगेतून काढून दिलेली मोठी बाटली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून लुटलेल्या पुड्या. वापरवत नाही आणि टाकवतही नाही, अशा अवस्थेत या वस्तू वर्षानुवर्षे पडून असतात. शेवटी दिवाळीच्या साफसफाईत एक दिवस सगळे मोरीत ओतले जाते, नाहीतर कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात ठेवले जाते. या दोन्ही वाटा मला बरोबर वाटत नाहीत.

आपल्या घरांत केसांसाठी आणलेली वस्तू केवळ केसांसाठी कधीच नव्हती. रिठ्याचेच उदाहरण घ्या. रिठे भिजवून, कुस्करून त्या फेसाने आजी केस धूत असे. त्याच पाण्यात रेशमी वस्त्रे आणि लोकरीच्या शाली निघत आणि त्याच पाण्याने सोन्याचांदीचे दागिने उजळत. रिठ्यात सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते आणि ते तेलकट मळ सौम्यपणे सोडवते. केस, लोकर आणि रेशीम हे तिन्ही प्रथिनांचे धागे आहेत. लोकर म्हणजे तर मेंढीचे केसच. जे एकाला मानवते ते बहुधा दुसऱ्यालाही मानवते, हे आजीला रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होते. 'शाम्पू' हा शब्दसुद्धा मुळात बाटलीतल्या द्रवाचा नाही. तो आपल्या 'चांपणे', 'चंपी' या शब्दांच्या घराण्यातला आहे. पाटण्यात जन्मलेल्या दीन महंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे १८१४ च्या सुमारास वाफेचे स्नान आणि मालिश यांचे दुकान थाटले, तेव्हा तिकडे शाम्पू म्हणजे अंग चेपणे असाच अर्थ होता. केस धुण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. तेव्हा बाटलीवर केसांचे चित्र आहे म्हणून आतल्या द्रवाने दुसरे काही करूच नये, असा काही नियम नाही.

मात्र येथे एक अडचण आहे, ती आधीच सांगितली पाहिजे. कोणी म्हणेल, शाम्पूने शाल धुतली तरी तो शेवटी मोरीतच जाणार. मग सरळ ओतला तर काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, शाल धुवायला आपण नाहीतरी काही ना काही वापरणारच होतो. उरलेल्या शाम्पूने त्या दुसऱ्या पावडरीची किंवा द्रवाची जागा घेतली, तर दोन वस्तूंऐवजी एकच मोरीत गेली आणि एक वस्तू विकत आणायची वाचली. पण केवळ शाम्पू संपवायचा म्हणून रोज अंगण फेसाने धुतले, तर काहीच वाचले नाही. उलट पाणी गेले. आपल्या इंदुरात नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, पंपांनी वर चढवून आणावे लागते. ते फेस काढण्यात घालवणे हा कसला उपयोग? म्हणून माझी पहिली कसोटी ही: उरलेल्या वस्तूने विकत आणायच्या एखाद्या वस्तूची जागा घेतली तरच तिचा उपयोग झाला असे म्हणावे. दुसरी कसोटी: ती वस्तू कशाची बनली आहे, हे पाहून मगच तिला काम द्यावे.

या कसोट्या लावून एकेक बाटली पाहू.

शाम्पू हा त्वचेतून सुटणारे तेल काढण्यासाठी बनवलेला सौम्य साबणासारखा द्रव आहे. शर्टाच्या कॉलरला आणि बाह्यांच्या कडांना जो काळा पट्टा बसतो, त्यात हेच तेल असते. तेव्हा गणवेशाच्या कॉलरला धुण्याआधी थोडा शाम्पू चोळून दहा मिनिटे ठेवावा. वेगळा डागनाशक आणावा लागत नाही. कंगवे आणि केसांचे ब्रश कोमट पाण्यात चमचाभर शाम्पू घालून भिजत ठेवले की मळ आपोआप सुटतो. स्वेटर आणि शाली यांना तर शाम्पू उत्तम. अर्ध्या बादलीभर साध्या किंवा किंचित कोमट पाण्यात एक चमचा शाम्पू पुरतो. पाच-दहा मिनिटे बुडवून हलक्या हाताने दाबावे, पिळू नये. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवे पसरून वाळवावे. घरात धुता येते अशी साधी रेशमी ओढणी किंवा रेशीम-सुताची माहेश्वरी साडीही अशीच निघते. पण आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर रंग जातो का ते पाहावे. जरीच्या पैठणीवर प्रयोग करू नये. सोन्याच्या साध्या बांगड्यांना मऊ ब्रशाने शाम्पू चालतो, मोत्यांच्या नथीला मात्र नाही. न्हाणीघरातल्या आरशावर शाम्पूचा एक थेंब पसरून कोरड्या फडक्याने पुसून काढला, तर काही वेळ त्यावर वाफ धरत नाही. सायकल, स्कूटर, कॅनव्हासचे बूट आणि दप्तराचे पट्टे यांनाही तो चालतो.

हात धुण्यासाठीही शाम्पू चालतो, कारण हात धुण्याच्या द्रवातही याच जातीची द्रव्ये असतात. २०२० च्या कोरोनाकाळात आपण वीस सेकंद हात चोळायला शिकलो; ते काम शाम्पूही करतो. मात्र त्यात पाणी घालून बाटली भरून ठेवू नये. शाम्पू टिकावा म्हणून घातलेले द्रव्य पाण्याने पातळ होते आणि मग त्यात जंतू वाढू शकतात. लागेल तेवढाच, दोन-चार दिवसांपुरता पातळ करावा.

कंडिशनरची गोष्ट उलटी आहे. ते मळ काढत नाही, धाग्यावर पातळ थर बसवते. ओल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधली मुख्य द्रव्ये धनभाराची असतात, म्हणून ती केसाला चिकटून राहतात. कपडे मऊ करणारे जे द्रव बाजारात मिळतात, त्यांचेही तत्त्व तेच. म्हणून धुतलेल्या लोकरीच्या स्वेटरच्या शेवटच्या पाण्यात चमचाभर कंडिशनर घातले तर तो वेगळा द्रव लागत नाही. घट्ट बसलेली चेन, बोटात अडकलेली अंगठी आणि हातात न चढणारी काचेची बांगडी, या तिन्ही ठिकाणी ते साबणापेक्षा सरस ठरते. स्टीलच्या नळावर किंचित लावून कोरड्या कापडाने घासले तर चकाकी येते. पण शाम्पू आणि कंडिशनर एकत्र करून स्वच्छतेला वापरू नये. दोघांचे भार परस्परविरोधी असल्याने एकाचे काम दुसरा बिघडवतो. आणि कंडिशनर फरशीवर कधीही सांडू देऊ नये. घरात आजी-आजोबा असतील तर हे वाक्य दोनदा वाचावे.

तेलाच्या बाबतीत बाटलीवरचे बारीक अक्षर वाचणे भाग आहे. निव्वळ खोबरेल किंवा तिळाचे तेल खवट झाले, तर ते डोक्याला नको वाटते. पण दिव्याला चालते, दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना चालते आणि बागेतल्या खुरप्या-कोयत्यावर पुसले तर पावसाळ्यात गंज धरत नाही. सुगंधी तेलांपैकी अनेकांत खनिज तेल असते. असे तेल बिजागऱ्यांना आणि बागेच्या अवजारांना ठीक आहे, पण विळीला लावू नये, कारण विळीवर भाजी चिरायची असते. शिवणयंत्रात तर केसांचे कोणतेच तेल घालू नये; ते काही दिवसांनी चिकट होते आणि यंत्र जड चालते. शिवणयंत्राचे तेल वेगळे असते, ते त्यालाच असू द्यावे.

शुद्ध पानांची मेंदी जुनी झाली की केसांवर चढत नाही; पण चित्रकलेच्या तासाला तिच्यातून कागदावर तपकिरी, विटकरी छटा मिळतात, आणि लोकरीच्या पांढऱ्या धाग्यावर तिचा रंग सुतापेक्षा चांगला बसतो. याचे कारण पुन्हा तेच: लोकर हे प्रथिन आहे. सातवी-आठवीच्या मुलांनी सुती आणि लोकरी धागा एकाच मेंदीत बुडवून फरक पाहावा. विज्ञानाचा एक धडा बाजारातून काहीही न आणता होईल.

केसांचा स्प्रे म्हणजे अल्कोहोल, डिंकासारखे द्रव्य आणि ते बाहेर ढकलणारा, बहुधा ज्वालाग्राही वायू. कोळशाच्या कांडीने किंवा खडूने काढलेले चित्र पुसले जाऊ नये म्हणून चित्रकार त्यावर एक द्रव फवारतात. त्याऐवजी सरावाच्या चित्रांना हा स्प्रे चालतो. जपून ठेवायच्या चित्रांना नाही, कारण कागद पुढे पिवळा पडू शकतो. हे काम मोकळ्या हवेत आणि शिक्षकांनीच करावे. देवघर, गॅसची शेगडी आणि दिवाळीच्या पणत्या यांच्या जवळपासही तो फवारू नये. डबा रिकामा वाटला तरी त्याला भोक पाडू नये.

आता ज्यांना दुसरा उपयोग शोधूच नये अशा वस्तू. पहिली, केसांचा काळा रंग. त्यात बहुधा पीपीडी हे रसायन असते. काहींना त्याने तीव्र ॲलर्जी होते आणि ते पोटात गेले तर जिवावर बेतते. मेंदी गडद दिसावी म्हणून त्यात असा रंग मिसळून लहान मुलींच्या हातावर काढण्याचा प्रकार लग्नसराईत पाहायला मिळतो. त्याने हातावर फोड येतात आणि ॲलर्जी जन्मभर सोबत राहू शकते. दुसरी वस्तू, उवांचे औषध. ते कीटकनाशक आहे. उरले म्हणून कुत्र्या-मांजरांना लावू नये. त्यातल्या परमेथ्रिनने मांजर दगावू शकते. तिसरी, डॉक्टरांनी लिहून दिलेला कोंड्याचा शाम्पू. ते औषध आहे, साबण नव्हे. याखेरीज साध्या शाम्पूनेही जेवणाची भांडी आणि बाळाच्या दुधाच्या बाटल्या धुऊ नयेत, मेथी-कोथिंबिरीवर कीड मारण्यासाठी तो फवारू नये आणि कपडे धुण्याच्या यंत्रात ओतू नये, कारण फेस आवरत नाही. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये किंवा ब्लीचिंग पावडरीत तर काहीच मिसळू नये. ती दोन एकमेकांत मिसळली तरी विषारी क्लोरीन वायू सुटतो.

जे खरोखरच टाकायचे आहे, त्याचीही एक रीत आहे. इंदूर २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छता सर्वेक्षणात देशात पहिले आले, त्यामागे घरोघरी केलेल्या वर्गीकरणाचा मोठा वाटा आहे. दाराशी येणाऱ्या गाडीत घरातल्या घातक कचऱ्यासाठी वेगळा कप्पा असतो. रंगाची पुडी, उवांचे औषध आणि स्प्रेचा डबा तेथेच जावा. ओल्या कचऱ्यात शाम्पू ओतू नये, कारण त्या कचऱ्यापासून २०२२ पासून आपल्याकडे गॅस तयार होतो. आणि मोरीतून जाणारे पाणी कोठे जाते, हे आपणांस ठाऊकच आहे. शहरातली कान्ह नदी पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, त्याच क्षिप्रेला जिच्यात आपण सिंहस्थात स्नान करतो. एका बाटलीने नदी मरत नाही हे खरे. पण दिवाळीच्या आठवड्यात किती घरांतून किती बाटल्या ओतल्या जातात, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता दुसऱ्या वाटेविषयी. नको असलेली बाटली कामाच्या मावशींना देणे, यास आपण दान समजतो. कधीकधी ते असतेही. बाटली चांगली आहे, मुदत उलटलेली नाही, नुकतीच उघडलेली आहे आणि "आमच्याकडे हा वास कोणाला आवडत नाही, तुम्हांला हवा का?" असे विचारून दिली, तर त्यात वावगे काही नाही. शेजारणीलाही आपण असेच विचारतो. पण ज्या शाम्पूने आपल्या मुलीच्या डोक्याला खाज सुटली, जे तेल खवट झाले, ज्या बाटलीवरची तारीख गेल्या वर्षीच संपली, ते काही न सांगता दुसऱ्याच्या हाती देणे हे दान नाही. ती आपल्या कचऱ्याची हलवाहलव आहे. आपल्या मुलीच्या डोक्याला जे चालत नाही, ते मावशींच्या मुलीच्या डोक्याला चालते, हे कोणी ठरवले? त्यांना 'नको' म्हणणे अवघड असते, हे आपल्याला माहीत असते आणि आपण नेमका त्याचाच फायदा घेतो. मुले हे सगळे पाहत असतात. काटकसरीचे धडे आपण पुस्तकातून देतो, पण माणसांची प्रतवारी कशी करायची हे ती अशा प्रसंगांतून शिकतात. म्हणून तिसरी कसोटी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: जे स्वतःच्या घरात वापरणार नाही, ते देऊ नये.

काही पालक म्हणतील, चाळीस-पन्नास रुपयांच्या मालासाठी एवढा खटाटोप कशाला? खरे आहे, पैशांत फार मोठी बचत होणार नाही. पण बाटली कशाची बनली आहे हे एकदा वाचायची सवय लागली, की पुढची खरेदी बदलते. दोनावर एक फुकट म्हणून लिटरभर शाम्पू आणणारा हात थोडा थबकतो. सी. के. रंगनाथन यांनी तमिळनाडूत १९८३ मध्ये 'चिक' शाम्पूच्या पुड्यांचा धंदा सुरू केला, तेव्हा त्यामागे एका डोक्याला लागेल तेवढेच विकायचे, हा साधा विचार होता. पुडीचा कागद अनेक थरांचा असतो आणि त्याचे पुढे काही होत नाही, हा दोष मोठाच आहे. पण नवी बाटली घेण्याआधी एखादी पुडी आणून पाहावी, मानवली तरच बाटली घ्यावी, एवढे तर त्यातून घेता येईल.

शेवटी शाळेकडे तीन विनंत्या. पहिली विश्वस्त मंडळास: स्नेहसंमेलनाच्या पेटाऱ्यातले केसांचे टोप, शेले आणि शाली घामाने मळून वर्षभर तशाच पडून राहतात. संमेलनानंतरच्या एका शनिवारी मुलांनी घरून न लागणारे शाम्पू आणि कंडिशनर आणावेत आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली हे सारे धुऊन, वाळवून ठेवावे. टोप थंड पाण्यातच धुवावेत. दुसरी विनंती कलाशिक्षकांस: 'टाकाऊतून टिकाऊ'च्या प्रत्येक वस्तूसोबत 'आतला माल कोठे गेला' हे दोन ओळींत लिहून मागावे आणि त्यालाही गुण द्यावेत. तिसरी माता-पालकांस: येत्या संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवात वाण निवडताना, हे घेणारीच्या घरात लागेल का, एवढे मनाशी विचारावे. तीळ, गूळ, सुपारी, एखादी वही, रोपाची कुंडी. लागणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत.

यातले काहीच जमले नाही, तरी या रविवारी न्हाणीघराची फळी मुलांसोबत एकदा रिकामी करावी. वापरायचे, धुण्याला घ्यायचे आणि गाडीच्या वेगळ्या कप्प्यात टाकायचे असे तीन ढीग करावेत. मावशींना द्यायचा चौथा ढीग करण्यापूर्वी मात्र त्यातली प्रत्येक बाटली आपल्या मुलाच्या हातात द्यावी आणि त्याला विचारावे, "ही तू वापरशील का?"